‘महिलांसाठी हार्ट चेकअप’ पॅकेज: रिपोर्ट जाड, प्रश्न कमी

‘महिलांसाठी हार्ट चेकअप’ या नावाने लॅब आणि रुग्णालयं जे पॅकेज देतात, त्याचं हे परीक्षण. नाव आणि कव्हर बदलतं, आतली यादी फारशी बदलत नाही: लिपिड प्रोफाइल, शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ईसीजी, टू-डी इको, ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट म्हणजे टीएमटी, आणि शेवटी डॉक्टरांशी पाच-दहा मिनिटं बोलणं. वरच्या आवृत्तीत कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या धमन्यांत साचलेलं कॅल्शियम मोजणारं सीटी स्कॅन) किंवा सीटी अँजिओग्राफीही (डाय टोचून काढलेलं धमन्यांचं सीटी स्कॅन) असते.

आमचं मत आधीच सांगतो. रक्ताच्या तपासण्या चांगल्या, पण अपुऱ्या. बीपी मोजण्याची पद्धत बऱ्याचदा चुकीची. काही त्रास नसलेल्या बाईला टीएमटी बहुतेक वेळा नको. आणि बाईच्या हृदयाबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट, तिच्या शरीराचा आजवरचा इतिहास, तो कोणी नीट विचारत नाही. बहुतेक पॅकेजं म्हणजे पुरुषांची यादी आणि वर थायरॉइडची भर. जगभरात बायकांच्या साधारण दर तीन मृत्यूंपैकी एक हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होतो. त्यामुळे स्वतंत्र तपासणीची कल्पना योग्यच आहे. म्हणून तर ती नीट व्हायला हवी.

हे पॅकेज कोणासाठी नाही

आत्ता त्रास होतोय अशा कोणासाठीही नाही. छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, दोन पावलं चालून धाप, थंड घाम, मळमळ, जबड्यात किंवा दोन खांद्यांच्या मधोमध पाठीत दुखणं, अचानक आलेला विलक्षण थकवा, यातलं काही नव्याने सुरू झालं असेल तर पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेत बसू नये, थेट इमर्जन्सी विभागात जावं. ‘बायकांना छातीत दुखतच नाही’ हा समज पसरलाय, तो चुकीचा आहे. हार्ट अटॅकमध्ये छातीतला त्रास हेच बायकांचंही सर्वांत नेहमीचं लक्षण. फरक इतकाच की त्यासोबत धाप, मळमळ, पाठदुखी, थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त वेळा येतात, आणि मग सगळंच पित्तावर किंवा ताणावर ढकललं जातं.

इमर्जन्सीत पोहोचल्यावर पहिल्या 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा, तसं नसेल तर मागून घ्यावा. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणारी ट्रोपोनिन ही रक्ततपासणी एकदा नॉर्मल आली म्हणून घरी निघू नये. ती काही तासांच्या अंतराने पुन्हा करून आकडा चढतोय का ते पाहतात. बायकांसाठी तिची मर्यादाही वेगळी असते. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आयच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी 34 आणि बायकांसाठी 16 नॅनोग्रॅम प्रति लिटर अशी सीमारेषा आहे. सगळ्यांना एकच आकडा लावला तर मधल्या पट्टीतल्या बायका ‘नॉर्मल’ म्हणून परत जातात.

जो फॉर्म असायला हवा

पॅकेज घेताना भरायच्या फॉर्मवर वय, उंची, वजन, धूम्रपान, मधुमेह आणि घरात कोणाला हृदयविकार होता का, एवढंच असतं. हे प्रश्न बरोबरच आहेत, आणि त्यांतले दोन बायकांना जास्त लागू होतात. मधुमेहामुळे हृदयविकाराचा धोका पुरुषांचाही वाढतो, पण बायकांचा त्याहून सुमारे 44 टक्के जास्त पटीने वाढतो. धूम्रपानाच्या बाबतीत हा फरक सुमारे 25 टक्के आहे. म्हणजे ‘बायकांना पाळी असेपर्यंत संरक्षण असतं’ हे वाक्य मधुमेह असलेल्या बाईला लावू नये.

पण खरे प्रश्न यानंतर सुरू होतात. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? लघवीतून प्रोटीन जात होतं का, म्हणजे प्रीएक्लाम्प्सिया झाला होता का? ज्या बाईला तो झाला, तिला पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि स्ट्रोक यांचा धोका साधारण दुप्पट, तर कायमच्या उच्च रक्तदाबाचा आणि हार्ट फेल्युअरचा जवळजवळ चौपट असतो. बाळंतपणानंतर बीपी उतरतं, फाइल कपाटात जाते आणि वीस वर्षांनी हृदयाची तपासणी करणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो. गरोदरपणातला मधुमेह होता का, बाळ 37 आठवड्यांच्या आधी झालं का, वजनाने फार कमी होतं का, हेही विचारायलाच हवं. गरोदरपण हीच एक स्ट्रेस टेस्ट असते, तीही नऊ महिन्यांची. तिचा निकाल आधीच हाती असताना तो न वाचता नवीन टेस्ट करणं आम्हाला पटत नाही.

मग पाळी कधी थांबली? 40 च्या आधी थांबली असेल, आपोआप किंवा अंडाशय काढल्यामुळे, तर ती धोका वाढवणारी बाब म्हणून 2018 च्या अमेरिकी कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत प्रीएक्लाम्प्सियाच्या बरोबरीने नोंदवलेली आहे. पीसीओएस आहे का? रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात किंवा ल्युपससारखा, शरीर स्वतःवरच उलटणारा आजार आहे का? या आजारांत धमन्यांच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं सुजत राहतं. स्तनाच्या कर्करोगासाठी डाव्या बाजूला रेडिएशन, डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रॅस्टुझुमॅब हे औषध घेतलं होतं का? गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, आणि सोबत धूम्रपान किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येणारी अर्धशिशी आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी स्ट्रोकचा धोका वाढवते. हे कळण्यासाठी कोणतंही यंत्र लागत नाही.

तुमच्या केंद्राच्या फॉर्मवर हे प्रश्न नसतील तर एका कोऱ्या कागदावर उत्तरं लिहून न्या: प्रत्येक गरोदरपणाचं वर्ष, त्यातली गुंतागुंत, बाळंतपण कितव्या आठवड्यात, पाळी सुरू झाल्याचं आणि थांबल्याचं वय, सध्याची सगळी औषधं. कागद डॉक्टरांच्या हातात द्या, फाइलला लावायला सांगा.

बीपी: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात घाईत उरकलेली तपासणी

रिसेप्शनवरून थेट खुर्चीत, बोलता बोलता, बाही वर सारून, एकदाच. अशा आकड्याला काही अर्थ नाही. बरोबर पद्धत अशी: आधीच्या अर्ध्या तासात कॅफिन, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ, एकावर एक न टाकता, पाच मिनिटं शांत बसावं. कफ उघड्या दंडावर, आणि दंड हृदयाच्या पातळीला टेबलावर टेकवलेला. हात खाली लोंबत असेल तर दर 10 सेंटिमीटरमागे आकडा साधारण 7 ते 8 ने फुगतो. हा शुद्ध द्रवाच्या दाबाचा हिशोब आहे. मोजताना बोलायचं नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यायची. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचं मोजावं, ज्या हाताचं जास्त येईल तोच पुढे वापरावा.

कफचा आकार हा कळीचा मुद्दा. आतल्या हवेच्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या किमान 75 ते 80 टक्के हवी. केंद्रात एकच मध्यम कफ असतो, तो साधारण 22 ते 32 सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी. घेर 36 असलेल्या बाईला तोच ओढून बांधला तर बीपी खोटंच जास्त येतं आणि नको ती गोळी सुरू होते. सडपातळ दंडाला मोठा कफ लावला तर उलट, कमी येतं. टेपने दंडाच्या मध्यावर घेर मोजून जा आणि तो आकडा सांगा.

केंद्रातल्या एका मोजणीपेक्षा घरची सात दिवसांची नोंद कितीतरी जास्त विश्वासार्ह. दंडावर बांधायचं प्रमाणित यंत्र घ्यावं. मनगटावरचं शक्यतो टाळावं, कारण त्यात हाताची उंची हमखास चुकते. सकाळी औषधाआधी दोनदा, रात्री दोनदा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती 135/85 किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवावी. प्रीएक्लाम्प्सिया होऊन गेलेल्या बाईने तर बीपी दर वर्षी मोजलंच पाहिजे, वय तीस असलं तरी.

रक्त

हा पॅकेजचा सर्वांत चांगला भाग. लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा पाहा, पण तो बऱ्याचदा मोजलेला नसतो, सूत्राने काढलेला असतो: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर हे सूत्र चालतच नाही. अशा वेळी ‘डायरेक्ट एलडीएल’ किंवा अपोबी (वाईट कोलेस्टेरॉलच्या कणांची संख्या सांगणारी तपासणी) मागावं. बायकांमध्ये एचडीएल 50 च्या खाली कमी मानतात, पुरुषांमध्ये 40 च्या. काही रिपोर्टवर दोघांना एकच मर्यादा छापलेली असते, ते तपासून घ्या. शेवटच्या पाळीच्या आगेमागच्या साधारण वर्षभरात एलडीएल बरंच चढतं. त्यामुळे पंचेचाळिशीतला चांगला रिपोर्ट पंचावन्नाव्या वर्षी पुरावा म्हणून दाखवू नये. गरोदरपणात चरबीचे सगळेच आकडे वाढतात, त्या काळातला रिपोर्ट धरून चालू नये.

साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या एचबीए1सी बद्दल एक गोष्ट लॅबवाले क्वचितच सांगतात. लोह कमी असलेल्या ॲनिमियात हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईचं एचबीए1सी 6 आलं आणि हिमोग्लोबिन 9 असेल, तर लगेच ‘प्रीडायबेटिस’चा शिक्का न मारता उपाशीपोटीची शुगर पाहावी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करावं. थायरॉइडची टीएसएच यादीत असते, ते योग्य आहे. थायरॉइड मंद असेल तर एलडीएल त्यामुळेच वाढलेलं असू शकतं, आणि मग आधी थायरॉइडचा उपचार करून लिपिड पुन्हा पाहायचं असतं.

यादीत बहुतेकदा नसलेल्या तीन तपासण्या आवर्जून मागाव्यात. पहिली लिपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच एक कण): ती जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असते, आयुष्यात एकदा केली की पुरते, आणि 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा 125 नॅनोमोल प्रति लिटरच्या वर असेल तर बाकीचे धोके जास्त कसोशीने आटोक्यात आणावे लागतात. दोन्ही एककांचं आपसात गणित करू नये. दुसरी एचएस-सीआरपी, सूज दाखवणारी. ताप-सर्दी असताना ती करू नये. 10 च्या वर आली तर दोन आठवड्यांनी पुन्हा करावी. आणि तोंडावाटे इस्ट्रोजेन घेत असाल तर ती त्यामुळेही वाढते. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 27,939 निरोगी बायकांचा 30 वर्षं मागोवा घेतला होता. सुरुवातीला एकदाच मोजलेल्या एलडीएल, लिपोप्रोटीन-ए आणि एचएस-सीआरपी या तिघांनी मिळून पुढच्या तीन दशकांतल्या धोक्याचा अंदाज दिला. तिसरी, मूत्रपिंडाला झालेली इजा दाखवणारं लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. मधुमेह किंवा बीपी असेल तर ती हवीच.

होमोसिस्टीन, दहा प्रकारची व्हिटॅमिनं, ट्युमर मार्कर यांनी पॅकेज फुगवलेलं असेल तर त्याचा हृदयाच्या तपासणीत उपयोग नसल्यात जमा. तेवढ्यासाठी मोठं पॅकेज घेऊ नका.

ईसीजी आणि इको

आरामात काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणजे धमन्या मोकळ्या आहेत असं होत नाही. ठोक्यांची लय, जुना अटॅक, हृदयाची जाडी यांचा तो अंदाज देतो. त्यात गोंधळ होतो तो इलेक्ट्रोड लावताना. संकोचापोटी किंवा घाईत छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड एक-दोन फासळ्या वर चिकटवले जातात आणि रिपोर्टवर यंत्र छापतं, ‘जुना अटॅक असू शकतो’. त्यांची जागा चौथ्या फासळीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना. चौथा इलेक्ट्रोड पाचव्या फटीत येतो. स्तन हलका उचलून त्याच्या खाली लावणं ही प्रचलित पद्धत. महिला तंत्रज्ञ मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्या दिवशी छातीला क्रीम किंवा तेल लावू नये. असा रिपोर्ट हाती आला तर घाबरण्याआधी ईसीजी नीट पुन्हा काढून घ्या.

इको झडपा आणि पंपिंग पाहतो, ब्लॉकेज पाहत नाही. ‘इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के, सगळं ठीक’ (म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं 60 टक्के रक्त बाहेर पडतं) हे वाक्यही अर्धंच. बायकांमध्ये, विशेषतः साठीनंतर, बीपी आणि लठ्ठपणासोबत, असं हार्ट फेल्युअर जास्त दिसतं ज्यात पंपिंग नॉर्मल असतं, पण हृदय नीट सैल पडून भरत नाही. जिना चढताना धाप लागत असेल तर रिपोर्टमध्ये ‘डायस्टोलिक फंक्शन’ची ओळ आहे का ते बघा.

टीएमटी

इथे आमचा स्पष्ट आक्षेप आहे. टीएमटीत ब्रूस पद्धतीने दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात: पहिल्या टप्प्यात ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ, दुसऱ्यात 4 किलोमीटर आणि 12 टक्के. ईसीजीतली एसटी रेषा 1 मिलिमीटर किंवा जास्त खाली गेली की टेस्ट ‘पॉझिटिव्ह’. बायकांमध्ये ही रेषा ब्लॉकेज नसतानाही बऱ्याचदा खाली जाते. 1999 च्या एका मोठ्या विश्लेषणात बायकांसाठी या टेस्टची संवेदनशीलता 61 टक्के (आजार असलेल्या 100 पैकी 61 जणींनाच टेस्ट पकडते) आणि विशिष्टता 70 टक्के निघाली. म्हणजे आजार नसलेल्या 100 बायकांना ट्रेडमिलवर चढवलं तर साधारण 30 जणींचा रिपोर्ट विनाकारण पॉझिटिव्ह. पुढे भीती, अँजिओग्राफी, घरभर काळजी. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सनेही, म्हणजे अशा तपासण्यांवर सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, 2018 मध्ये, लक्षणं नसलेल्या कमी धोक्याच्या प्रौढांना चाळणी म्हणून ईसीजी किंवा स्ट्रेस ईसीजी करू नये, असंच सांगितलं.

लक्षणं असतील आणि डॉक्टरांनी सांगितली असेल तर ती जरूर करावी. चालण्याची क्षमता हे तिचं खरं मोल आहे. फक्त एवढं बघा: ठोक्यांचं लक्ष्य ‘220 वजा वय’ या सूत्राने काढतात, पण बायकांसाठी 2010 मध्ये मांडलेलं सूत्र ‘206 वजा वयाच्या 0.88 पट’ असं आहे. पन्नाशीच्या बाईला 85 टक्क्यांचं लक्ष्य पहिल्याने 145 येतं, दुसऱ्याने 138. जाताना चालायचे बूट, हुक नसलेली ब्रा, पुढून उघडणारा सैल शर्ट. दोन-तीन तास आधी भरपेट खाऊ नये. बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणारं औषध) चालू असेल तर बंद करायचं का, हे आधी विचारावं. स्वतःहून थांबवू नये. गुडघे दुखत असतील तर अर्धवट टेस्टपेक्षा औषध देऊन केलेली स्ट्रेस इको बरी.

सीटी

कॅल्शियम स्कोअरला साधारण 1 मिलिसीव्हर्ट रेडिएशन लागतं, सुई लागत नाही. ज्यांच्या बाबतीत कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू करावं की नाही असा प्रश्न अडलाय, त्यांच्यासाठी ही तपासणी आम्हाला टीएमटीपेक्षा कितीतरी उपयोगी वाटते. पण तरुण बाईत शून्य आलं तर निर्धास्त होऊ नये. कॅल्शियम न जमलेला मऊ थर यात दिसत नाही. सीटी अँजिओग्राफी मात्र केवळ ‘पॅकेजमध्ये आहे’ म्हणून करू नये. तिच्यात डाय आणि स्तनांवर रेडिएशन दोन्ही येतं. आधी गरोदरपणाची शक्यता आणि रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) तपासलंच पाहिजे.

सगळं नॉर्मल, तरी त्रास

ही बाजू पॅकेजच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि इथेच बायकांवर सर्वाधिक अन्याय होतो. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक रक्तवाहिन्या दिसत नाहीत. त्या नीट रुंदावत नसतील किंवा आकुंचन पावत असतील तर मोठ्या धमन्या स्वच्छ असूनही छातीत खरंखुरं दुखतं. निदान होतं, पण वेगळ्या तपासण्यांनी: धमनीत तार घालून प्रवाहाची राखीव क्षमता आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा रोध मोजून, ॲसिटिलकोलीन देऊन आकुंचन पाहून, किंवा स्ट्रेस एमआरआय आणि पेट स्कॅनने. ‘ब्लॉकेज नाही, टेन्शन घेऊ नका’ असं सांगून परत पाठवलं तर सरळ विचारा: ‘सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा किंवा स्पाझमचा प्रश्न असू शकतो का?’ धमनीचं अस्तर आपोआप फाटण्याचा आजारही असतो. त्याच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्ण बायका असतात, बऱ्याच पन्नाशीच्या आतल्या, कोलेस्टेरॉल चांगलं असलेल्या, काही नुकत्याच बाळंत झालेल्या. आदल्या दिवसापर्यंत अशा बाईचं कोणतंही चेकअप पॅकेज नॉर्मलच आलं असतं.

डॉक्टरांशीची दहा मिनिटं

सुटे आकडे वाचून दाखवले जात असतील तर एकत्र धोका विचारा. 2023 मध्ये आलेली प्रिव्हेंट ही हृदयविकाराचा एकत्रित धोका काढणारी समीकरणं 30 ते 79 वयासाठी आहेत, बायकांची वेगळी आहेत, मूत्रपिंडाचं कामही मोजतात, आणि 59 वयापर्यंत पुढच्या 30 वर्षांचाही अंदाज देतात. तिशी-चाळिशीतल्या बाईचा दहा वर्षांचा धोका जवळजवळ नेहमीच कमी येतो, म्हणून तीस वर्षांचा आकडा मागावा. गरोदरपणातली गुंतागुंत या समीकरणांत धरलेली नाही. तुमचा तो कागद इथे पुढे करायचा. मूल हवं असेल तर तेही आधी सांगा. स्टॅटिन साधारणपणे थांबवतात, आणि बीपीच्या गोळ्यांपैकी एसीई-इनहिबिटर व एआरबी गर्भाला धोक्याच्या, त्या वेळेत बदलाव्या लागतात. पाळी गेल्यानंतर घ्यायचे हार्मोन गरम झळांसाठी योग्य बाईला देता येतात, पण ‘हृदय सांभाळायला’ म्हणून नाही.

बुकिंगआधी केंद्राला फोन करून विचारा: मोठा बीपी कफ आहे का, टीएमटी वगळून त्या जागी लिपोप्रोटीन-ए घेता येईल का, ईसीजीला महिला तंत्रज्ञ असेल का, आणि रिपोर्ट समजावणारे डॉक्टर गरोदरपणाचा इतिहास विचारतात का. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस अडखळला तर पूर्ण पॅकेज घेऊ नका. रक्ततपासण्या सुट्या करा, बीपी घरी सात दिवस मोजा आणि दोन्ही कागद घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा.